चौकशी, विचारपूस, मसलत : शहरातील आदिवासी आणि ओळखीची संहिता

१

'विचारणे' हे क्रियापद मराठीत तीन निरनिराळ्या व्यवहारांचे वाहन आहे. आपण एखाद्याला काही विचारतो, तेव्हा त्याच्याकडे असलेली माहिती आपल्याला हवी असते. आपण एखाद्याला विचारून काही करतो, तेव्हा त्याच्या संमतीवाचून ती गोष्ट होऊ नये, असे आपण मान्य केलेले असते. आणि 'त्याला कोण विचारतो?' असे म्हणतो, तेव्हा माहितीही नको असते व संमतीही. त्या माणसाची गणतीच करावयाची नसते. पहिल्या व्यवहाराची दप्तरी परिणती म्हणजे चौकशी, त्याची सौम्य व सहृदय आवृत्ती म्हणजे विचारपूस, दुसऱ्याचे पूर्ण रूप म्हणजे मसलत. प्रस्तुत लेखात शहरात राहणाऱ्या आदिवासीच्या संदर्भात या तीन रूपांचा विचार करावयाचा आहे. हा विषय समाजशास्त्राचा वा कायद्याचा आहे, वाङ्मयसमीक्षेचा नव्हे, असा आक्षेप येऊ शकेल. परंतु ओळख सिद्ध करणे ही मूलतः एक निवेदनक्रिया असते. तिला निवेदक असतो, श्रोता असतो, मान्य आणि अमान्य कथनाचे संकेत असतात. हे संकेत आपल्या समीक्षेतही निराळ्या नावाने वावरतात, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

मी हे विलेपार्ल्यात बसून लिहितो आहे, याचीही नोंद करणे आवश्यक वाटते. मुंबई उपनगर जिल्ह्याच्या अंधेरी तालुक्यातील हे उपनगर मराठी मध्यमवर्गाच्या सांस्कृतिक आत्मप्रतिमेत मानाचे स्थान राखून आहे. व्याख्यानमाला, संगीतसभा, नाट्यप्रयोग आणि दिवाळी अंक यांनी त्याची ओळख घडविली. येथून काही किलोमीटरांवर आरे वसाहतीत आणि त्यापलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी आदी जमातींचे पाडे आहेत. केलटीपाडा, प्रजापूरपाडा, खांबाचा पाडा, नवशाचा पाडा ही नावे आमच्या वाङ्मयीन नकाशावर नाहीत. पार्ल्यातील कुंपणभिंतींवर आणि कुर्त्यांच्या कडांवर मात्र तारप्याभोवती फेर धरलेल्या वारली आकृती दिसतात. चिन्ह परिचित आणि चिन्ह निर्माण करणारा अपरिचित, अशी ही स्थिती आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे एक कोटी पाच लाख, म्हणजे ९.४ टक्के होती. मुंबई उपनगर जिल्ह्यात हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास होते. यात पिढ्यान्‌पिढ्या येथेच असलेले पाडेकरी आहेत, तसेच शिक्षण, नोकरी वा मजुरी यांसाठी दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेलेही आहेत. 'शहरी आदिवासी' हा शब्दप्रयोग पुष्कळांना आजही विरोधाभासासारखा वाटतो. तसे का वाटते, हाच खरा प्रश्न आहे.

२

प्रथम चौकशी. संविधानाच्या ३४२ व्या अनुच्छेदान्वये १९५० साली अनुसूचित जमातींची यादी जाहीर झाली. आरंभी या यादीत अनेक जमातींपुढे त्यांचा जिल्हा वा तालुका नोंदलेला असे. त्या क्षेत्राबाहेर राहणारा त्याच जमातीचा माणूस कायद्याच्या लेखी आदिवासी नसे. १९७६ च्या दुरुस्ती अधिनियमाने राज्यांतर्गत क्षेत्रबंधन बव्हंशी दूर केले. वरकरणी हा न्याय्य बदल होता, कारण माणूस गाव सोडतो म्हणून त्याची जमात सुटत नाही. परंतु महाराष्ट्रात त्यातून वेगळाच पेच उद्भवला. नामसादृश्याच्या आधारे हलबा-कोष्टी, कोळी-महादेव कोळी, ठाकूर अशा नावांभोवती मोठ्या संख्येने दावे पुढे आले, आणि आदिवासींसाठी राखीव असलेल्या जागा इतरांच्या हाती जात असल्याची तक्रार आदिवासी संघटनांनी सातत्याने केली. स्वतः महादेव कोळी असलेले आणि पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेशी निगडित असलेले अभ्यासक डॉ. गोविंद गारे यांनी या प्रश्नावर केलेले लेखन सर्वांना परिचित आहे. म्हणून चौकशी ही केवळ शासकीय छळाची कल्पना आहे, असे समजणे अज्ञानाचे ठरेल. ती मागणारे आदिवासीच होते. ज्यांच्या ताटातील घास काढून घेतला जात होता, त्यांनी दारावर पहारा मागितला.

हा पहारा कसा असावा, याचे प्रारूप २ सप्टेंबर १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील खटल्यात घालून दिले. मुंबईच्या परिसरातील महादेव कोळी असल्याचा हा दावा होता आणि तो फेटाळला गेला. तपासणी समिती, तिच्या साहाय्यास दक्षता पथक, गृहचौकशी, शालेय नोंदींची तपासणी आणि जमातीची दैवते, विधी, विवाहपद्धती, अंत्यसंस्कार यांविषयीची विचारणा, असा हा क्रम आहे. या शेवटच्या भागाला आपल्याकडे 'आप्तभाव चाचणी' असे म्हणतात. पुढे २००१ च्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २३ ने ही व्यवस्था वैधानिक केली आणि दावा सिद्ध करण्याचा भार दावेदारावर टाकला. दरम्यान २८ नोव्हेंबर २००० रोजी मिलिंद खटल्यात घटनापीठाने स्पष्ट केले होते की यादीतील नोंद जशी आहे तशीच वाचावयाची. 'हलबा'त 'हलबा-कोष्टी' अंतर्भूत आहे असा अर्थ न्यायालयाने काढावयाचा नाही. संहितेच्या काटेकोर वाचनाचे हे एक लक्षणीय उदाहरण आहे.

आप्तभाव चाचणीचे वाङ्मयीन स्वरूप पाहण्यासारखे आहे. तिच्यातील प्रश्नकर्त्याजवळ उत्तर आधीच असते. ते उत्तर कोठून येते? पुष्कळदा एन्थोव्हेनच्या १९२० ते १९२२ या काळात प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्यातील जातिजमातींविषयीच्या तीन खंडांसारख्या वासाहतिक वर्णनग्रंथांतून आणि त्यांच्या पाठोपाठ झालेल्या संशोधनातून. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी एका प्रशासकाने आपल्या माहितगारांना विचारून जे लिहून घेतले, ती मूळ संहिता. आणि आज मुंबईत टंकलेखक, परिचारिका वा अभियंता असलेल्या व्यक्तीचे कथन ही तिची प्रत. प्रत मूळ संहितेशी जुळते की नाही, हे पाहावयाचे असते. पाठचिकित्सेत अशी तुलना करताना आपण निदान प्रक्षेप, लोप आणि कालौघातील पाठांतरे गृहीत धरतो. येथे लोप हा दोष ठरतो. ज्याच्या आजोबांनी गिरणीत वा गोदीत काम केले आणि ज्याचे लग्न नोंदणी कार्यालयात झाले, त्याला कुलदैवताची जत्रा आठवत नसेल, तर ते त्याच्या इतिहासाचे फलित आहे. चाचणीला मात्र इतिहास ऐकू येत नाही. ती केवळ लक्षण मोजते.

यातून एक चमत्कारिक वाचनव्यवहार जन्माला येतो. उत्तर ज्या ग्रंथातून तपासले जाणार, तोच ग्रंथ दावेदार वाचतो. खरा आदिवासी आपल्याच जमातीविषयी परीक्षेच्या अभ्यासासारखा अभ्यास करतो. खोटा दावेदारही तोच अभ्यास करतो, आणि अनेकदा अधिक चांगला करतो, कारण त्याच्यापाशी वेळ आणि पैसा दोन्ही असतात. म्हणजे ही चाचणी खरे आणि खोटे यांत फरक करण्याऐवजी तयारी केलेला आणि तयारी न केलेला यांत फरक करते. मिशेल फुको यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात 'परीक्षा' या यंत्रणेचे विश्लेषण करताना दाखवून दिले आहे की तिच्यात निरीक्षण आणि प्रमाणीकरण एकत्र येतात आणि व्यक्तीचे रूपांतर एका 'प्रकरणा'त होते. आपल्या भाषेत 'प्रकरण' म्हणजे कचेरीतील धारिका आणि 'प्रकरण' म्हणजे ग्रंथाचा विभागही. शहरी आदिवासीच्या बाबतीत या दोन अर्थांतील अंतर जवळजवळ नाहीसे झालेले आहे.

न्यायव्यवस्थेला हे जाणवले नाही असे नाही. २०११ च्या आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की स्थलांतर, आधुनिकीकरण आणि इतर समाजांशी संपर्क यांमुळे पारंपरिक लक्षणे न जुळण्याची शक्यता आहे. म्हणून आप्तभाव हा एकमेव निकष होऊ शकत नाही. २४ मार्च २०२३ रोजी महा आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात त्रिसदस्यीय पीठाने ही भूमिका दृढ केली. दशकानुदशके मोठ्या शहरांत राहिलेल्या कुटुंबांना अशा प्रश्नांची उत्तरे ठाऊक नसू शकतात, हे त्या निर्णयात नमूद आहे. त्यामुळे भर पुन्हा कागदावर आला, विशेषतः १९५० पूर्वीच्या नोंदींवर. परंतु हा कागद कोणाकडे असतो? ज्याचे आजोबा शाळेत गेले, त्याच्याकडे. पाड्यावरील ज्या कुटुंबात शाळा पहिल्यांदाच नातवाने पाहिली, त्याच्याकडे १९५० पूर्वीचे काय असणार? स्मृतीचा निकष शहरात आलेल्या शिक्षिताला अपुरा ठरवितो आणि कागदाचा निकष पाड्यावर राहिलेल्या निरक्षराला. या दोन्हींच्या मधल्या फटीत माणसे राहतात.

३

दुसरे रूप विचारपुशीचे. मराठी साहित्याने आदिवासीची विचारपूस केली, आणि काही वेळा फार मनापासून केली. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) हे या परंपरेतील सर्वांत प्रामाणिक पुस्तक. १९४५ साली सुरू झालेल्या वारल्यांच्या उठावाचा हा साक्षीदाराने, किंबहुना सहभागी नेतृत्वाने लिहिलेला वृत्तांत आहे. त्यातील निवेदक आपले परकेपण लपवीत नाही. भाषा शिकावी लागली, बसण्या-उठण्याच्या रीती शिकाव्या लागल्या, याची कबुली ती देते. तथापि शीर्षकातील 'माणूस' जागा होतो तो कोणाच्या दृष्टीने, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडल्यावाचून राहत नाही. वेठबिगारीत दबलेला वारली झोपलेला होता का? की त्याचे जागेपण ऐकू येईल असा कान तोपर्यंत तयार झालेला नव्हता? हा प्रश्न उपस्थित केल्याने पुस्तकाचे मोल उणावत नाही. आदिवासीच्या वतीने बोलणाऱ्या प्रत्येक सद्भावयुक्त निवेदनाची ती सीमारेषा आहे, एवढेच. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८८ च्या आपल्या बहुचर्चित निबंधात वंचिताच्या बोलण्याविषयी जो प्रश्न विचारला, त्याचा रोखही ऐकण्याच्या व्यवस्थेकडेच आहे.

गो. नी. दांडेकरांची 'जैत रे जैत' ही कादंबरी आणि तिच्यावर आधारलेला १९७७ चा जब्बार पटेल यांचा चित्रपट यांनी ठाकर समाजाचे जग मराठी मध्यमवर्गाच्या भावविश्वात आणले. हे जग डोंगराचे, ढोलाचे, मधमाश्यांच्या पोळ्यांचे. ते स्वयंपूर्ण आहे आणि म्हणूनच सुंदर आहे. पण ज्या शहरातील प्रेक्षागृहांत तो चित्रपट पाहिला गेला, त्या शहरातही आदिवासी राहत होते, ही शक्यता त्या सौंदर्यदृष्टीच्या कक्षेत येत नव्हती. आरे दुग्ध वसाहत १९४९ साली स्थापन झाली, तिच्याच परिसरात पुढे १९७७ साली चित्रनगरी उभी राहिली. चित्रनगरीत खेड्यांचे देखावे उभारले जातात आणि मोडले जातात. तिच्या लगत पाडे आहेत. या समीपतेवर एखादी मोठी मराठी कथा लिहिली गेली असती, तर ती आपल्या महानगरी साहित्यात मोलाची ठरली असती.

महानगरी साहित्याचा आपला आलेख तसा समृद्ध आहे. नारायण सुर्वे यांनी कामगाराचे, भाऊ पाध्ये यांनी नाक्यावरच्या तरुणांचे, नामदेव ढसाळ यांनी 'गोलपिठा'त (१९७२) शहराच्या तळघराचे शहर दाखविले. या साहित्यात शहर ही ओळख मिटविणारी किंवा निदान बदलणारी जागा आहे. बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहाची शीर्षककथा येथे आठवते. रेल्वेत नोकरीला लागलेला नायक परगावी खोली मिळावी म्हणून जात लपवितो आणि उघडकीस आल्यावर मार खातो. दलित निवेदनाचा एक मूलबंध या कथेने सिद्ध केला : शहरात जात लपविण्याची भीती आणि उघड होण्याची भीती. शहरातील आदिवासीचा मूलबंध नेमका उलट दिशेने जातो. त्याने जे लपविले नाही, तेच कोणाला दिसत नाही. त्याची भीती उघड होण्याची नसून अमान्य होण्याची आहे. 'तू तो नाहीस' हे वाक्य त्याला ऐकावे लागते, तेही 'तू आमच्यासारखाच दिसतोस' अशा कौतुकाच्या स्वरात. या अनुभवाला आपल्या समीक्षेने अद्याप संज्ञा दिलेली नाही.

४

तिसरे रूप मसलतीचे. येथे कायद्याची रचनाच बोलकी आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेला विचारण्याचे बंधन शासनावर घातले. महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रे १९८५ च्या आदेशाने निश्चित झाली. तलासरी, डहाणू, जव्हार, मोखाडा ही त्यांत आहेत, मुंबई उपनगर जिल्हा नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याला अनुसूचित क्षेत्राची अट नाही, पण त्याचीही सारी प्रक्रिया ग्रामसभेपासून सुरू होते, आणि महानगरपालिकेच्या हद्दीत ग्रामपंचायत नसते. म्हणजे डहाणूचा वारली आपल्या पाड्यावर असताना त्याला विचारून करावयाचे, आणि आरेतील वारली शहराच्या हद्दीत सापडला म्हणून त्याला विचारण्याची जागाच नाही. वास्तविक त्याने गाव सोडलेले नाही. शहराने येऊन त्याला वेढले. तरीही स्थलांतरिताच्या नशिबी येणारी सर्व अनिश्चितता त्याच्या वाट्याला येते. पुनर्वसनाच्या वेळी त्याला झोपडपट्टीवासीयाच्या रकान्यात बसविले जाते. तेथे पात्रतेसाठी झोपडीचा जुनेपणा सिद्ध करावा लागतो, आणि जमातीच्या दाखल्यासाठी आजोबांचा. एकाच माणसाला दोन कचेऱ्यांत दोन निरनिराळ्या भूतकाळांचे पुरावे द्यावे लागतात.

मेट्रो-३ च्या कारशेडचा वाद या संदर्भात पाहावा. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री वृक्षतोड सुरू झाली. ७ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. त्या नोव्हेंबरात काम थांबविण्यात आले, २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचे ठरले, २०२२ मध्ये तो निर्णय फिरविला गेला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आरेपासूनच मार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला. शहरभर गाजलेल्या त्या चर्चेची भाषा तपासली, तर तिची मध्यवर्ती संज्ञा 'झाड' ही होती. झाडांची गणना झाली, त्यांच्या वतीने युक्तिवाद झाले. प्रजापूरपाड्यातील ज्या कुटुंबांना त्यापूर्वीच इमारतींत जावे लागले होते, त्यांची गणना चर्चेच्या तळटीपेत झाली. पर्यावरणवादी मध्यमवर्गाने, ज्यात मी स्वतःलाही धरतो, आदिवासीला जंगलाचे रक्षक म्हणून साक्षीला बोलाविले. साक्षीदाराला प्रश्न विचारले जातात. त्याच्याशी मसलत होत नसते. २०२० साली आरेतील सुमारे ८०० एकर क्षेत्र राखीव वन करण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा त्याचे सर्वत्र स्वागत झाले. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या प्रक्रियेत हक्कांचे दावे ऐकण्याची तरतूद आहे. पण पुन्हा तोच प्रश्न उरतो : दावा मांडणाऱ्याने आपण कोण, हे आधी कोणापुढे सिद्ध करावयाचे?

हा प्रश्न केवळ आपला नाही. कॅनडात १८७६ च्या इंडियन अ‍ॅक्टने मूलनिवासींची नोंदणी शासनाच्या हाती घेतली, आणि अशी नोंद नसलेल्या पुरुषाशी लग्न करणाऱ्या स्त्रीची नोंद १९८५ पर्यंत रद्द होत असे. १९८५ च्या दुरुस्तीनंतर शासकीय नोंदणी आणि समूहाचे सदस्यत्व या दोन गोष्टी वेगळ्या करण्याची वाट मोकळी झाली. १९९९ च्या कॉर्बिएर खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की राखीव भूमीबाहेर, म्हणजे बहुधा शहरात, राहणाऱ्या सदस्यांना समूहाच्या निवडणुकीतील मतदानापासून वगळता येणार नाही. २०१८-१९ मध्ये नोंदणी, सदस्यत्व आणि नागरिकत्व या तिन्ही विषयांवर मूलनिवासींशी विचारविनिमय करण्याची प्रक्रियाही झाली. तेथील व्यवस्था आदर्श आहे, असे मला सुचवावयाचे नाही. शासनाने आखलेल्या चौकटीत झालेली मसलत ही कितपत मसलत असते, ही शंका तेथेही आहेच. परंतु नोंदणी आणि सदस्यत्व यांतील भेद आपल्याला उपयोगी पडण्यासारखा आहे. आपल्याकडे शासनाची नोंद हेच सदस्यत्व. जमातीला स्वतःचा सदस्य कोण, हे सांगण्याची औपचारिक जागा नाही.

याला अपवादात्मक म्हणावे असे निर्णय आहेत. १९७२ साली एन. ई. होरो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जमातीबाहेरून लग्न होऊन आलेल्या आणि मुंडा समाजाने विधिपूर्वक स्वीकारलेल्या स्त्रीला जमातीची सदस्य मानले. २०१२ च्या रमेशभाई नाईका खटल्यात आदिवासी आई आणि बिगर-आदिवासी वडील यांच्या अपत्याची ओळख केवळ पित्यावरून न ठरविता त्याचे संगोपन कसे झाले, हे पाहावे, असे सांगितले. या दोन्ही ठिकाणी ओळख ही लक्षणांची यादी न राहता संबंधांची कथा होते. याच्या दुसऱ्या टोकाला १९९० चा मर्री चंद्रशेखर राव खटला आहे, आणि तो नेमका मुंबईतला आहे. आंध्र प्रदेशातील अनुसूचित जमातीत जन्मलेला मुलगा वडिलांच्या नोकरीमुळे नवव्या वर्षी मुंबईत आला, येथेच शिकला. वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी त्याला सांगण्यात आले की तुझी जमात महाराष्ट्राच्या यादीत नाही. घटनापीठाने ते मान्य केले. राज्याची सीमा ओलांडताना माणसाचे नागरिकत्व त्याच्याबरोबर येते, जमात मागे राहते. शहर ज्यांना आपले म्हणते, त्यांच्या इतिहासाला ते असे दारात उभे करते.

५

येथवरच्या विवेचनात शासन आणि न्यायालय यांच्याकडे बोट दाखविणे सोपे होते. आता आपल्या घराकडे वळतो.

१९७९ साली भद्रावतीला पहिले आदिवासी साहित्य संमेलन झाले. त्यानंतरच्या दोन दशकांत वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' (१९८७), विनायक तुमराम यांचा 'गोंडवन पेटले आहे', भुजंग मेश्राम यांचा 'उलगुलान' (१९९०) असे महत्त्वाचे संग्रह आले, आणि समीक्षेपुढे आदिवासी साहित्य कशाला म्हणावे हा प्रश्न उभा राहिला. आदिवासींनी लिहिलेले, आदिवासींविषयी लिहिलेले, की आदिवासी जाणिवेने लिहिलेले, असे पर्याय मांडले गेले. 'आदिवासी जाणीव' ही संज्ञा त्यांतल्या त्यात अधिक स्वीकारली गेली. पण ती स्पष्ट करताना आपण काय नोंदविले? निसर्गाशी तादात्म्य, समूहभाव, नृत्यगीते, बोलीतील शब्द, दैवतांचे आणि मिथकांचे उल्लेख. ही यादी आप्तभाव चाचणीच्या प्रश्नावलीशेजारी ठेवून पाहावी. दोन्हींत फारसा फरक आढळणार नाही. जे काम दक्षता पथक गृहचौकशीत करते, तेच काम आपण प्रबंधांच्या प्रकरणांत करीत आलो आहोत.

हे मला उशिरा कळले, आणि एका विद्यार्थ्यामुळे कळले. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गाच्या चर्चासत्रात उपनगरातील एका पाड्यावर वाढलेल्या वारली विद्यार्थ्याने आपल्या काही कविता वाचल्या. त्यांत बसची रांग होती, दुसऱ्यांच्या घरी भांडी घासून परतणारी आई होती, दाखल्यासाठी कचेरीत चौथ्यांदा घातलेली खेप होती. कविता ऐकून मी अध्यापकीय आस्थेने विचारले, "यात तुझे आदिवासीपण कोठे येते?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, समितीनेही हेच विचारले होते." वर्गात हशा पिकला. तोही हसला. मला मात्र पुढे बोलता येईना. त्या कवितांत झाडे, तारपा आणि हिरवा देव असते, तर मी त्या कविता अधिक चांगल्या ठरविल्या असत्या. म्हणजे माझ्या अभिरुचीने त्याच्याकडे दाखला मागितला होता.

वाहरू सोनवणे यांच्या 'स्टेज' या प्रसिद्ध कवितेकडे या प्रसंगानंतर मी पुन्हा वळलो. जमिनीवर बसलेल्यांना त्यांचेच दुःख व्यासपीठावरून सांगितले जाते, हा तिचा आशय सर्वज्ञात आहे. परंतु तिच्या शेवटाकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. खाली बसलेले लोक दबक्या स्वरात शंका व्यक्त करतात. वरचे ती ऐकतात आणि मग त्यांचाच कान धरून त्यांना दटावतात. तेव्हा ऐकून न घेणे एवढीच व्यासपीठाची समस्या नाही. व्यासपीठ ऐकतेही, मात्र जे ऐकले, ते त्याच्या अपेक्षेशी जुळले नाही, तर शिक्षा करते. समीक्षेच्या व्यवहारात ही शिक्षा म्हणजे 'यात अस्सलपणा नाही' हा अभिप्राय.

यावर एक गंभीर आक्षेप येईल. लक्षणे सोडून दिली, तर आदिवासी साहित्य या कोटीला अर्थ काय उरतो? उद्या कोणीही उठून आपण आदिवासी कवी आहोत म्हणाला, तर त्याला कशाच्या बळावर नाकारावयाचे? बोगस दाव्यांचा इतिहास पाहता ही शंका क्षुल्लक नाही. २०१७ च्या जगदीश बहिरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खोट्या दाव्यावर मिळविलेले लाभ काढून घेतले पाहिजेत असे म्हटले, ते खऱ्या हक्कदारांच्या बाजूनेच. साहित्याच्या क्षेत्रातही दुसऱ्याचे दुःख स्वतःच्या नावावर खपविणारे असतात. म्हणून पहारा उठवावा, असे मी म्हणत नाही. पहारा कोणी द्यावा आणि कोणता प्रश्न विचारावा, एवढाच मुद्दा आहे.

माझी सूचना अशी की समीक्षेने लक्षणांऐवजी संबोधनाकडे पाहावे. ही कविता कोणाला उद्देशून बोलते? तिचा अभिप्रेत श्रोता कोण? आदिवासीपणाचे दर्शन घडवू पाहणारी संहिता बहुधा बाहेरच्या वाचकाला सामोरी असते. तिच्यात स्पष्टीकरणे असतात, शब्दार्थ असतात, देवतांचा परिचय असतो. जी संहिता आपल्याच माणसांशी बोलते, तिला हे काही सांगावे लागत नाही. ती कचेरीतील चौथ्या खेपेविषयी बोलते, कारण श्रोत्याच्याही चार खेपा झालेल्या असतात. होरो आणि नाईका खटल्यांत न्यायालयाने ज्या दिशेने पाऊल टाकले, तीच ही दिशा आहे : माणूस कोणात वाढला, कोणी त्याला आपले म्हटले. या निकषानेही चुका होतील. तथापि त्या चुका दुरुस्त करण्याचे सामर्थ्य आदिवासी वाचकाच्या आणि आदिवासी समीक्षकाच्या हाती असेल, विद्यापीठाच्या परीक्षकाच्या हाती नसेल.

त्यासाठी आपल्या अभ्यासमंडळांवर, परिसंवादांत आणि संपादकमंडळांत आदिवासी अभ्यासक नमुन्यादाखल बोलावलेले नकोत; पाठ्यक्रम ठरविताना ते त्या खोलीत असावयास हवेत, आणि त्यांनी 'नको' म्हटल्यास एखादे पाठ्यपुस्तक वगळण्याची आपली तयारी हवी. मसलतीचा अर्थ नकाराला किंमत देणे हा आहे; ज्या विचारण्यातून नकार निष्पन्नच होऊ शकत नाही, ती फार तर विचारपूस.

त्या विद्यार्थ्याचा दाखला पुढे वैध ठरला, असे त्याने मला कळविले. कविता मात्र त्याने मला पुन्हा दाखविल्या नाहीत. त्या तो आता पाड्यावर वाचतो.